फ्लॅड्री: लांडग्याला दोन महिने थोपवणारी चिंध्यांची दोरी

कुरण लहान असेल, गाई विण्याच्या बेतात असतील आणि लांडग्यांचा त्रास त्या हंगामापुरताच असेल, तर फ्लॅड्री जरूर घ्या. अख्ख्या रँचला वर्षभराचं कुंपण म्हणून घेणार असाल, तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

वस्तू दिसायला किरकोळ आहे. एक लांब दोरी, तिला दर 50 सेंटिमीटरवर लाल कापडाची एक पट्टी. पट्टी 10 सेंटिमीटर रुंद, 50 सेंटिमीटर लांब. पूर्व युरोपातले आणि रशियातले शिकारी लांडग्याच्या हाक्यासाठी ही दोरी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. बर्फातल्या पावलांवरून कळप कोणत्या झाडीत बसलाय ते हेरायचं, झाडीभोवती दोरी लावायची, मोकळ्या सोडलेल्या बाजूला बंदूकवाले बसवायचे आणि हाका उठवायचा. सहज उडी मारून जाता येईल इतकी बुटकी दोरी, पण लांडगा ती ओलांडत नाही. तिच्या कडेकडेने पळत तो बरोबर बंदुकीसमोर येतो. पोलंडमधल्या ब्यावोव्येझाच्या जंगलात संशोधकांनी हीच युक्ती जाळी लावून लांडगे जिवंत पकडायला वापरली.

अमेरिकेत 1995-96 मध्ये कॅनडातून आणलेले 66 लांडगे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आणि मध्य आयडाहोत सोडले. कळप वाढले, उद्यानाबाहेर पसरले आणि गाईमेंढ्यांवर हल्ले होऊ लागले. तेव्हा शिकाऱ्यांची ही दोरी उलटी वापरायचं ठरलं: लांडगा आत कोंडण्याऐवजी बाहेर ठेवायचा. संशोधक मार्को मुसियानी आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत दोरीने मोकळ्या लांडग्यांना सुमारे 60 दिवस कुरणाबाहेर ठेवलं. त्यानंतर ती त्यांच्या सवयीची झाली. पाकिटावर छापण्यासारखा आकडा असेल तर हाच. दोरी मार्चमध्ये लावून ऑगस्टपर्यंत तशीच ठेवणारा माणूस जूनपासून नुसती सजावट सांभाळत असतो.

लाल रंगाचा आग्रह धरू नका. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांना लाल रंग नीट दिसत नाही. लांडगा बिचकतो तो हलणाऱ्या, अनोळखी ओळीला.

लावताना पहिलं काम दोरीचं नाहीच. कुरणातली मेलेली जनावरं आणि विल्यावर पडलेली वार उचलून लांब न्या, आणि आत लांडगा नाही याची खात्री करा. तो आत राहिला तर तुम्ही त्याच्यासाठी हाकाच लावून ठेवलात. मग दोरी कायमच्या कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला, हातभर अंतर सोडून बांधा. आतल्या बाजूने बांधली तर गाई पट्ट्या चघळतात, आणि ही तक्रार फार सर्रास ऐकू येते. सपाट जमिनीवर दर 10 मीटरला एक दांडा पुरतो, खाचखळग्यांत जवळ घ्या. पट्टीचं टोक जमिनीपासून चार बोटं वर राहिलं पाहिजे. जास्त वर गेलं तर ओघळीच्या जागी लांडगा खालून सरपटत जातो. जमिनीला टेकलं तर गवतात अडकतं, पट्टी हलायची थांबते आणि न हलणाऱ्या पट्टीला कोण भितो? एक किलोमीटरला 2000 पट्ट्या आणि 100 दांडे लागतात, त्यामुळे ‘घरी शिवून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी आधी 100 चौरस मीटर कापडाचा हिशेब करावा.

सगळ्यात मोठा दोष वारा. वाऱ्याने पट्टी दोरीभोवती गुंडाळली जाते आणि तिथेच राहते. लागोपाठ चार पट्ट्या गुंडाळल्या की कुंपणात दोन-अडीच मीटरचं दार उघडलं. म्हणून रोज फेरी मारावी लागते, वादळानंतर लगेच. हलकं नायलॉन जास्त फडफडतं, पण गुंडाळतंही जास्त. जाड व्हिनाइल कमी गुंडाळतं, पण दोरीवरचं वजन वाढवतं आणि मधे झोळ पडतो. खुल्या, वाऱ्याच्या माळावर व्हिनाइल घ्या आणि दांडे वाढवा.

कायोटीसाठी (लांडग्याहून लहान, कोल्ह्यासारखा अमेरिकी प्राणी) मात्र ही वस्तू घेऊ नका. मिशिगनमधल्या शेतांवरच्या चाचणीत लांडगे दूर राहिले, कायोटी बिनदिक्कत ये-जा करत राहिले. पट्ट्यांमधलं अंतर 46 ऐवजी 28 सेंटिमीटर ठेवलं तर बंदिस्त कायोटींवर थोडा जास्त परिणाम दिसला, पण तेवढ्यासाठी कापडाचा खर्च दीडपटीच्याही वर जातो.

याच दोरीची पुढची आवृत्ती म्हणजे टर्बो-फ्लॅड्री. साध्या दोरीऐवजी वीजवाहक तार आणि तिला जोडलेलं झटका मशीन. आपल्याकडे शेताला सोलरचं झटका मशीन लावतात, तत्त्व तेच. साधी दोरी नुसती भीती दाखवते. इथे नाक लावून पाहणाऱ्या लांडग्याला भीती खरी असल्याचं कळतं. 2010 मधल्या अभ्यासात बंदिस्त लांडग्यांपासून खाद्य वाचवण्यात ती साध्या दोरीपेक्षा 2 ते 10 पट सरस ठरली. मोकळ्या रानातली चाचणी मात्र तितकी बोलकी नव्हती, कारण लांडगे कुंपणाकडे फारसे फिरकलेच नाहीत.

बिघाड जवळजवळ नेहमी अर्थिंगचा असतो. माती कोरडी असली किंवा जमिनीवर बर्फाचा थर असला की सर्किट पूर्ण होत नाही आणि झटका लागत नाही. अर्थिंगची सळई ओलसर जागी खोल ठोका, एकावर भागत नसेल तर आणखी जोडा. ओलं गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो, म्हणून तारेखालचं गवत कापून ठेवा. व्होल्टेज मशीनपाशी न मोजता कुंपणाच्या लांबच्या टोकाला मोजा.

2010च्या त्याच अभ्यासातला टर्बोचा खर्च: पहिल्या किलोमीटरला सुमारे 2300 डॉलर, पुढच्या प्रत्येकी 2000च्या आसपास, उभारणीला किलोमीटरमागे 30 तासांहून जास्त मजुरी. दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनी कुरणाचा घेर आठ किलोमीटर, म्हणजे साडेसोळा हजार डॉलर आणि मजुरी वेगळी. विण्यासाठीचा छोटा वाडा घेरायला परवडतं, डोंगरभर पसरलेल्या चराईला नाही.

या दोरीशी ज्याची तुलना होते तो पर्याय म्हणजे शिकारीचा परवाना. ‘आम्हाला लांडगे मारू द्या, जनावरं आपोआप वाचतील’ हा युक्तिवाद अमेरिकेतल्या प्रत्येक सुनावणीत ऐकू येतो. हंगामी शिकारीने राज्यातली लांडग्यांची संख्या खाली ठेवता येते, हे खरं. पण शिकारी सरकारी जंगलात मिळेल तो लांडगा मारतो. तुमच्या वाड्याभोवती घिरट्या घालणारा तो हाच, याची हमी कोण देणार? आणि नियम ढिले असले तर हात कसा सुटतो ते विस्कॉन्सिन राज्याने दाखवलं. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथे एकूण कोटा 200 होता. त्यातला 81चा वाटा तिथल्या मूळनिवासी ओजिब्वे जमातींचा, ज्यांना लांडगा भावासारखा. उरलेले 119 परवानाधारकांचे. तीन दिवसांच्या आत 218 लांडगे मेले. शिकारी कुत्र्यांना मुभा होती, ताजा बर्फ होता, आणि हंगाम बंद करण्याआधी 24 तासांची सूचना देणं कायद्याने बंधनकारक होतं. थांबवायला ब्रेकच नव्हता. वर्षभरातच न्यायालयाने तिथल्या लांडग्यांना संघीय संरक्षण परत दिलं, आणि शिकाऱ्यांचाच हंगाम बुडाला.

तरीही शिकाऱ्यांना वगळून हा हिशेब जुळत नाही. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा 10-11 टक्के कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो, आणि वाटणीत राज्याच्या क्षेत्रफळाबरोबर परवानाधारक शिकाऱ्यांची संख्याही धरली जाते. मग शिकारी धोरणात आवाज मागतो ते साहजिकच. कोलोरॅडोत गंमत वेगळी आहे. 2020 मध्ये मतदारांनी जेमतेम 51 टक्क्यांनी लांडगे परत आणण्याचा कौल दिला, डिसेंबर 2023 मध्ये ओरेगॉनमधून आणलेले पहिले पाच सोडले गेले. पण शिकार-मासेमारी परवान्यांचा पैसा या कामाला वापरायचा नाही, असा कायदा मधल्या काळात झाला. हल्ले टाळण्याच्या साधनांसाठी तिथे गाडीच्या खास नंबरप्लेटमधून पैसा उभा करतात. लांडग्यावर लक्ष ठेवायचं, त्याच्या पावलांवरून वाट ओळखायची, दोरी नेमकी कुठे लावायची ते सांगायचं, हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांचाच निधी या कामातून बाजूला काढून ठेवायचा, हे आम्हाला दोन्ही बाजूंचं नुकसान वाटतं.

महाराष्ट्रात मागवावी का? आपल्याकडे लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, शिकारीचा प्रश्नच नाही, म्हणजे दोरीला मोकळं रान असायला हवं. रात्री मेंढ्या कोंडायच्या जाळीभोवती, म्हणजे वाघरीभोवती, 100 मीटरचा घेर धरला तर 200 पट्ट्यांत काम होईल, आणि धनगरांचा तळ हलता असल्यामुळे नवलाई टिकायलाही मदत व्हावी. पण दोन अडचणी आहेत. माळावरचा लांडगा दिवसाउजेडी, चरत्या कळपातूनही कोकरू उचलतो. तिथे दोरी काय करणार? शिवाय रानडुकरांसाठी शेताला बांधलेल्या जुन्या साड्यांच्या शेजारून तो रोज जातो. फडफडणारं कापड त्याला नवीन नाही. नुसत्या चिंध्यांवर इथे पैसे घालू नयेत. झटक्याची जोड देऊन एखाद्या वाड्यावर आधी करून पाहावं, कुत्री आणि राखणदार न काढता.

गुण द्यायचे तर साधी फ्लॅड्री पाचपैकी तीन, टर्बो चार, आणि जनावरं वाचवण्याचं साधन म्हणून शिकारीचा परवाना दीड.

घेताना रीळ वेगळं मिळत असेल तर सोबतच घ्या. हंगाम संपल्यावर दोरी गाडीत कोंबली की पुढच्या वर्षी 2000 पट्ट्यांचा गुंता सोडवण्यात उभारणीइतकाच वेळ जातो. ओली गुंडाळू नका, आणि दिवस मोजून काढा. साठ दिवसांनंतर तशीच लटकत ठेवलेली दोरी पुढच्या हंगामातही निकामी ठरण्याचा धोका असतो, कारण तोवर लांडगे तिला ओळखायला लागलेले असतात.