घरी जीप जोडायला घेताय? ‘कागदासकट’ म्हणणाऱ्यापासून जपा

जाहिरात अशी असते: नवी बॉडी, बोनेट, जाळी, ताडपत्रीचा टप, सगळं नटबोल्टवर बसणारं, सोबत महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपचं चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा-मागचा ॲक्सल, आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘आरसी क्लिअर, पासिंग २०२६ पर्यंत’. (आरसी म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र.) मिस्त्री ओळखीचा असेल आणि अंगणात जागा असेल तर दिवाळीपर्यंत घरची जीप उभी. अशा एका जाहिरातीत माझे ३ लाख ४५ हजार रुपये गेले. लोखंड घरी आलं, आणि बरंचसं चांगलंही होतं. फसवणूक झाली ती कागदाच्या बाजूने. ती कशी, हे सविस्तर लिहितो, कारण तीच फाइल त्याच माणसाने आणखी एकाला विकली आहे.

आमच्या सातारा-सांगलीकडे जीपचं वेड जुनं. वडापवाल्यापासून कारखान्याच्या संचालकापर्यंत सगळ्यांनी ती वापरली. एमएम ५४० म्हणजे प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चार गिअर, फोर बाय फोर. पळायला बेताची, पण चिखलातून उसाची सरी ओलांडून बाहेर येते. थार घ्यायची ऐपत नाही, पण पाना धरता येतो, अशा माणसाला जुनी गाडी उतरवून तिच्यावर नवं अंग चढवणं जमेलसं वाटतं. विकणारा गिऱ्हाइकातलं नेमकं हेच हेरतो.

हा पुण्याच्या बाजूचा होता. बोलायला गोड, ‘सर’शिवाय वाक्य नाही. बॉडी हरियाणातल्या मंडी डबवालीहून मागवतो म्हणाला. सिरसा जिल्ह्यातलं ते गाव जीप बांधण्यासाठी देशभर माहीत आहे, आणि बॉडी बहुधा खरंच तिथून आली असावी; पत्र्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. व्हॉट्सॲपवर तो इंग्लंडमधले व्हिडिओ पाठवायचा. गॅरेजात एखादी जुनी माझदा सुटी करून ठेवलेली, आणि तिचं इंजिन नि चाकं घेऊन नवरा-बायको शनिवार-रविवार दोन सीटची छोटी गाडी जोडतायत. ‘तिकडे सगळे करतात सर, आपल्याकडेच लोक घाबरतात.’

तिकडे करतात हे खरंच आहे. लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स गाडी १९५७ पासून सुट्या भागांत विकली जायची, कारण जोडलेल्या गाडीवरचा खरेदी कर सुट्या भागांना लागत नव्हता. मात्र घरी जोडलेल्या गाडीची तिथे आज सरकारी तपासणी होते, तिला आयव्हीए म्हणतात. त्यातून पार पडली की गाडीला तिची स्वतःची नोंदणी मिळते. भाग कुठून आले हे दाखवता आलं नाही तर क्यूने सुरू होणारा नंबर मिळतो, म्हणजे पुढे घेणाऱ्याला पाटी पाहूनच अंदाज येतो. व्हिडिओत यातलं काही नसतं.

आपल्याकडे अंगणात जोडलेल्या एकट्यादुकट्या गाडीला असा रस्ता नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. माझ्या वकिलांनी यातून सांगितलेला अर्थ मला फार पटला. नव्या चेसिसवर बांधलेल्या जीपची नोंदणीच होत नसल्यामुळे तिला दुसऱ्या कुठल्यातरी जीपच्या नावाने रस्त्यावर यावं लागतं. हे नाव मिळवून देणं हाच या मंडळींचा धंदा. बॉडी आणि ॲक्सल त्याच्याभोवती बांधलेला माल.

अर्थात मला तसं सांगून कोण विकेल? मला सांगितलं होतं, ‘चेसिस ओरिजनल आहे सर, आरसीवरचंच. फक्त वरचं अंग नवं. याला रिस्टोरेशन म्हणतात.’ जुनी गाडी, तिचंच चेसिस, तिचेच कागद, आणि सडलेल्या पत्र्याच्या जागी त्याच मापाचा नवा पत्रा. यात वावगं काही नाही.

दर मात्र त्याने दोन सांगितले होते. कागदासकट ३ लाख ४५. ‘विनाकागद’ हवी असेल, शेतावर फिरवायला, तर सत्तर हजार कमी. हा तपशील वाचणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावा. चेसिस खरंच आरसीवरचं असेल तर कागद त्याला चिकटलेलेच असतात, त्यांना वेगळा भाव येईलच कसा? सत्तर हजार हा त्याच्या दुकानातला एका आरसीचा भाव होता. ती आरसी कुठल्याही सांगाड्यावर बसवायची त्याची तयारी होती.

फाइल मात्र देखणी. आरसी, चालू विमा, हायसिक्युरिटी नंबरप्लेटची पावती, मालकी हस्तांतराचे सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३०, मालकाच्या आधारची झेरॉक्स. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर सगळं जुळत होतं: यवतमाळकडची नोंद, साल १९९६, डिझेल, मुदत २०२६. जुळणारच. पंधरा वर्षांनी २०११ मध्ये आणि मग दर पाच वर्षांनी मूळ मालकाने गाडी रीतसर पास करून घेतलेली होती. ॲप सांगतं ते नोंदीबद्दल. त्या नोंदीची गाडी आज जगात आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. थर्ड पार्टी विमा ऑनलाइन निघतो, गाडी कुणी पाहत नाही. हायसिक्युरिटी प्लेटचं बुकिंग आरसीवरचे चेसिस आणि इंजिन नंबर टाकले की होतं. फाइलमध्ये पावती होती, पाटी नव्हती. पाटी बसवायला गाडी न्यावी लागते. म्हणजे पाच कागद एकमेकांची साक्ष देत होते, आणि पाचही त्या एकाच आरसीतून निघालेले.

माल ट्रान्सपोर्टने आला. बिल्टीवर लिहिलेलं ‘जुने ऑटो पार्ट’. बॉडी वेगळी, चेसिसवर काळा रंग मारलेला, इंजिन-गिअरबॉक्स फळ्यांवर बांधलेले. आमचे मिस्त्री साठीचे, उभा जन्म जीपखाली काढलेला माणूस. आंब्याला चेनपुली टांगली, लोखंडी घोड्यांवर चेसिस ठेवलं, स्प्रिंगचे पाटे उतरवून बुश बदलले. पहिले काही दिवस झकास गेले. अशा कामात पोरंसोरं, शेजारी, चहा, फुकटचे सल्ले सगळं आपोआप जमतं. पुढचा ॲक्सल बसला तेव्हा तर कुणीतरी पेढेही आणले.

इंजिन धुवायला घेतलं आणि मिस्त्री म्हणाले, ‘दादा, ह्ये प्यूजो न्हाई. ह्ये डीआय हाय.’

महिंद्राचं डीआय इंजिन २५२३ सीसीचं. आरसीवर २११२. आणि गंमत अशी की या डीआय इंजिनावर नंबर मात्र आरसीवरचाच ठोकलेला! फोन लावला तर उत्तर तयार होतं: ‘अपग्रेड दिलंय सर, त्याचे जास्त पैसेपण नाही लावले.’ मी म्हटलं, मग नंबर जुन्या इंजिनाचा कसा? ‘आमचा माणूस आरटीओतून करून देतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका.’

मग मिस्त्रींनी न सांगता चेसिसवर वायरब्रश फिरवला. नंबराच्या भोवती रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली निघाली. लांबी पत्र्यावर भरतात; चेसिसच्या पट्टीवर तिचं काय काम? ती खरवडली तर वितभर चौकोनी तुकड्याभोवती वेल्डिंगची शिवण दिसली, ग्राइंडरने घासून सपाट केलेली. ‘तुकडा जोडल्याला हाय. आन् बाकीचं चेसिस नवं कोरं हाय, जुनं न्हाईच.’ मी शिवणीचा फोटो विकणाऱ्याला पाठवला. या वेळी त्याने नाकारलंसुद्धा नाही. मूळ चेसिस तडकलं होतं, म्हणून नवं घेऊन ओरिजनल नंबराचा तुकडा त्यात बसवला, ‘सगळे असंच करतात.’ हे त्याने व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, आणि ती नोट पुढे फार उपयोगी पडली.

तुकडा तरी ओरिजनल होता का? तोही नव्हता. मी आरटीओत लेखी अर्ज देऊन तपासणी मागितली. मोटार वाहन निरीक्षकांनी बॅटरी मारून नंबर पाहिला आणि त्यातल्या सहा आणि नऊवर बोट ठेवलं. बाजारात हाताने ठोकायचे जे नंबरपंच मिळतात, त्या संचात नऊचा वेगळा पंच नसतो. सहाचाच उलटा धरतात. माझ्या तुकड्यावरचा सहा डोक्याशी जिथे किंचित तुटका होता, तिथेच नऊ तळाशी तुटका होता. आकड्यांची खोलीही कमीजास्त, ओळ जराशी तिरकी. ‘कंपनीचा नाही हा,’ म्हणाले, आणि गाडी जिथे होती तिथेच ठेवायला सांगून पोलिसांना पत्र दिलं. घासलेला जुना नंबर रसायन लावून पुन्हा वाचता येतो, न्यायवैद्यक प्रयोगशाळा ते काम करते. तेव्हा इंजिन मूळचं कुठलं हे कधीतरी कळेल. तोवर चोरीच्या मालाचा संशय माझ्या अंगणावरही आहे. पैसे गेल्यापेक्षा हे जास्त टोचतं.

आरसीवरच्या गावी ओळख काढत फोन पोचला तो मालकाच्या मुलाकडे. तो म्हणाला, ‘थे गाडी त बाबानं भंगारात देली होती, भाऊ. तुकडे करूनच नेली त्यानं. बाबा जाऊन तीन वर्सं झाले.’ माझ्या फाइलमधल्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याच बाबांची सही होती, तारीख यंदाची. मालक वारला असेल तर हस्तांतर फॉर्म ३१ वर वारसाकडून होतं. भंगारवाल्याने लोखंड वजनावर घेतलं आणि आरसी ‘काय कामाची आता’ म्हणून मागून घेतली, असं मुलाला आठवतं. गाडी मोडीत काढल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी परत करायची असते, कलम ५५. खेड्यापाड्यात ते कोण करतं? अशा किती आरसी घराघरांतल्या ट्रंकेत असतील, आणि त्या गोळा करत कोणीतरी फिरत असेल. भंगारात गाडी देणाऱ्यांनी निदान ती आरसी हातची सोडू नये.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ऐकलं ते ‘हा दिवाणी मामला आहे’. कारण त्याने दिलेलं बिल कच्चं, आणि त्यावर ‘बॉडी पार्ट, जुने सुटे भाग’ एवढंच. गाडी हा शब्द नाही, नंबर नाही, आरसीचा उल्लेख नाही. बिलाप्रमाणे त्याने सुटे भाग विकले आणि मला सुटे भाग मिळाले! बिल्टीवरही तेच. ही पळवाट त्याने पहिल्या दिवसापासून बांधून ठेवली होती. तिला छेद दिला तो जाहिरातीच्या स्क्रीनशॉटने, दोन दर सांगणाऱ्या चॅटने, तुकड्याबद्दलच्या व्हॉइस नोटने आणि मुलाच्या जबाबाने. शेवटी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार घेतली गेली. पैसे परत येतील असं मला कुणी म्हणालेलं नाही.

तपास सुरू झाल्यावर नाशिककडच्या एका गृहस्थांचा पत्ता लागला. त्यांच्याकडेही तुकडा जोडलेलं चेसिस, त्यावर माझाच नंबर, आणि फाइलमध्ये त्याच आरसीची रंगीत प्रत. त्यांची जीप तर रंगून रस्त्यावरही आली होती.

ज्यांनी टोकन देऊन ठेवलं आहे त्यांच्यासाठी एवढंच. बाकीची रक्कम देण्याआधी चेसिसच्या नंबरावरचा रंग तुमच्यासमोर काढायला सांगा, आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा घ्या. नंबराच्या पुढेमागे हातभर पट्टी उघडी करून बघा. इंजिन कुठल्या जातीचं आहे ते आपल्या मिस्त्रीला दाखवून आरसीवरच्या सीसीशी पडताळा. एनसीआरबी या केंद्राच्या गुन्हे नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावरून वाहनाची एनओसी काढा. पण ती चोरीची नोंद सांगते, भंगाराची नाही, म्हणून आरसीवरच्या मालकाला त्याच्या पत्त्यावर गाठाच. बिलात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर लिहून मागा. आमच्या माणसाकडे मी ते मागितलं होतं, तेव्हा जीएसटीचं कारण पुढे आलं. आणि तुमच्या फाइलमध्ये यवतमाळकडची १९९६ची एमएम ५४० निघाली, तर आरसीची प्रत आणि चॅट घेऊन सरळ आपल्या पोलीस ठाण्यात जा. त्या नंबरावर आमच्या दोघांच्या तक्रारी आधीच आहेत.