कास की सागरेश्वर? पोराबाळांना आणि आजीला घेऊन चालायला जायचं तर

गणपती गेले की कराड, पलूस, विटा, सांगली या पट्ट्यातल्या घरांत विषय निघतो: रविवारी सगळे मिळून कुठंतरी हिरव्यात चालून येऊ. एक जण कास म्हणतो, दुसरा सागरेश्वर. कास म्हणजे साताऱ्याजवळचं फुलांचं पठार आणि सागरेश्वर म्हणजे सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावाजवळचं अभयारण्य, हे इथल्या माणसाला सांगायला नको. प्रश्न एवढाच, की पाच-सहा वर्षांचं पोर आणि गुडघे दुखणारी आजी बरोबर असताना गाडी कुठल्या रस्त्याला लावावी.

आधी कासचं मोठेपण मान्य करू. २०१२ साली पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आहे आणि त्याची ती योग्यता आहे. जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम बोटभर, तिच्यात नत्र नावालाच. म्हणून इथल्या काही वनस्पती किडे धरून ती उणीव भरून काढतात. त्यातली दवबिंदू नावाची वनस्पती शोधायची ती पाणी झिरपत असलेल्या ओलसर जागी. पानांवर तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. उन्हं चढली की गवतावरचं दव सुकतं, हे थेंब मात्र तसेच चमकत राहतात. तीच ओळख. नीट पाहिलं तर एखादं चिलट पाय अडकून बसलेलं दिसतं. जवळच सीतेची आसवं, ही दुसरी किडे धरणारी वनस्पती, फुलं जांभळट निळी. तिचे सापळे म्हणजे मातीत, पाण्यात दडलेले बारीक फुगे. ते वरून दिसत नाहीत, आणि बघायला म्हणून उपटायचं तर मुळीच नाही. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात ठेवलंत तर चिलटाचे पाय मोजण्यात मुलाचा वेळ कसा जातो कळत नाही. याच्या तोडीचं सागरेश्वरात काही नाही, हे सरळच सांगतो.

पण अडचणही तिथूनच सुरू होते. हे सगळं बघायला खाली बसावं लागतं, आणि मुलगा बसला की त्याचा गुडघा टेकतो, हात टेकतो, मागचा पाय वाटेबाहेर जातो. मग "पाय काढ", "तिकडं नको", "उठ, फूल चिरडलं". वाट सोडून पाय टाकायचा नाही हा नियम अगदी योग्य आहे, त्यात सूट मागू नये. सड्यावरची बरीचशी फुलझाडं एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून संपतात. ते बी त्याच बोटभर मातीत पडतं. बी धरायच्या आत झाड तुडवलं गेलं तर पुढच्या वर्षी तेवढा तुकडा रिकामा राहतो. पायानं सैल झालेली माती तर जोराच्या सरीबरोबर वाहून जाते आणि उघडा कातळ उरतो. म्हणजे मुलाला टोकायलाच हवं. फक्त दोन तास सलग टोकत राहिलं की पोर रुसतं, आई-बाप वैतागतात, आणि फुलं लक्षात राहण्याऐवजी ओरडा लक्षात राहतो. त्यात रविवारची रांग मागून सरकत असते, एका जागी रेंगाळताही येत नाही. माझं पारडं झुकलं ते या एका गोष्टीनं. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर हा मुद्दा बहुधा लागूच होणार नाही.

तरी कासलाच जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा, हंगामात प्रवेशाचं बुकिंग आधी करा आणि यवतेश्वरचा घाट सकाळी लवकर चढा. सप्टेंबरच्या सुरुवातीला धुकं उशिरापर्यंत हटत नाही, तेव्हा पहिल्या तासात फार काही दिसलं नाही तरी परत फिरू नका. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं, त्यावर गुळगुळीत तळाच्या सँडल हमखास घसरतात. आणि मुलांना मोकळं सोडायचं असेल तर कुमुदिनी तळ्याकडे जाणारा राजमार्ग धरा. रस्ता रुंद, चढ बेताचा, पाय पडेल तिथं फूल नाही. तळ्यातली कुमुदिनीची फुलं दुपारनंतर मिटतात, म्हणून तळं आधी आणि सडा नंतर असा क्रम ठेवला तर निम्मी चिडचिड वाचते. आजीला मात्र सड्यावर सावली नाही आणि डबा उघडून निवांत बसायला जागाही नाही, हे धरून चालावं.

आता सागरेश्वर. हे रान आपोआप उगवलेलं नाही. उघडाबोडका डोंगर होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली गेली, चितळ-सांबर आणून सोडले, आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे आटोपशीर. बोर, बाभूळ, खैर, कडुलिंब असं कोरड्या मुलखाचं झाडोरं, मधे गवताचे पट्टे, आणि माथ्यावरून खाली कृष्णाकाठचा ऊस. घाटातल्या दाट जंगलाची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. पण वनरस्त्यावर मूल धावू शकतं, थांबू शकतं, मातीत उमटलेले खूर बोटानं मोजू शकतं, आणि त्याला कुणी उठवत नाही. आजी खाली सागरेश्वराच्या देवळांत सावलीला बसू शकते. चालणारे वर, बसणारे खाली आणि जेवायला सगळे एकत्र, ही सोय मला फार मोलाची वाटते.

हरणं बघायची तर गेट उघडताना हजर राहा. ऊन तापलं की ती झाडीत शिरतात आणि मग दुपारभर फक्त लेंड्या दिसतात. वारा तोंडावर येईल अशा दिशेनं चाला, पाठीवर वारा असेल तर तुमचा वास तुमच्या आधी पोचतो. भडंग नेणार असाल, आणि सांगलीकर नेणारच, तर स्टीलच्या डब्यात न्या. प्लॅस्टिकच्या पुडीचा कुरकुर आवाज शांत रानात फार लांब जातो आणि पुडी मागे राहण्याची भीतीही असते. वर पाणी मिळेल असं धरू नका: मोठ्या माणसाला दीड लिटर, मुलाला पाऊण ते एक. परतीची वेळ घड्याळावर ठरवा, ठिकाणावर नाही. सहा वर्षांचं मूल चढाला तासाभरात दोन किलोमीटर गेलं तरी खूप झालं. दीड तास झाला की जिथं असाल तिथून मागं वळायचं, माथा राहिला तरी चालेल.

सागरेश्वराचा जाच म्हणजे कुसळं. ऑक्टोबर सरला की कुसळी गवत पिकतं आणि जानेवारीपर्यंत छळतं. बीचं टोक सुईसारखं, त्यावर मागं वळलेले बारीक केस, आणि मागं पिळाची लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, बी गरगर फिरतं आणि पुढं पुढं रुततं. घामानं भिजलेला मोजा म्हणजे त्याला आयतं मिळालेलं रान. बहुतेक जण शेपटी धरून ओढतात. केस मागं वळलेले असल्यानं शेपटी तुटून हातात येते, टोक आतच राहतं, आणि अर्ध्या वाटेत पोर लंगडायला लागतं. मोजा काढून उलटा करायचा आणि आतून निघालेलं टोक धरून पुढच्या दिशेनं ओढायचं, म्हणजे सगळं बी सरळ बाहेर येतं. लोकरी मोजे, लेगिंग, आतून मऊ असलेली पँट यांत कुसळं सर्वांत जास्त धरतात. गुळगुळीत नायलॉनची ट्रॅकपँट घोट्यापर्यंत ओढून घातली तर निम्मा त्रास टळतो. एक जास्तीचा मोज्यांचा जोड आणि भुवयांचा चिमटा बरोबर असावा. त्याच दिवसांत खाजकुइलीच्या शेंगाही वाळतात. अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टी हलकेच लावून कूस उचला आणि मग धुवा.

आणखी दोन गोष्टी. दगड उलटायचे नाहीत. अशा कोरड्या, खडकाळ मुलखात फुरसं आणि विंचू दगडाखालीच असतात. बसायचं ते उघड्या कातळावर किंवा वनरस्त्यावर. आणि घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागं, कमरेच्या इलॅस्टिकखाली गोचीड चिकटलीय का ते पाहा. हरणांच्या गवतात ती असतेच.

कुसळांचा त्रास कमी नाही, पण त्याला चिमटा आणि योग्य पँट पुरते. "पाय काढ"ला माझ्याकडे उपाय नाही. म्हणून लहान मुलं असतील तर माझा कल सागरेश्वराकडे. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम, गवत हिरवं असतं आणि कुसळ पिकलेलं नसतं. नेमका तोच कासच्या फुलांचाही हंगाम, त्यामुळं दोन्हींतलं एक निवडावंच लागतं. मार्चनंतर मात्र दोन्हीकडे नको: सडा करपलेला आणि सागरेश्वरची सावली पानगळीत गेलेली.

सागरेश्वरला जायला श्रावणी सोमवार टाळा, त्या दिवशी देवळात यात्रा असते आणि आजीला सावलीसुद्धा वाट्याला येत नाही. रेल्वेनं यायचं तर पुणे-मिरज मार्गावरचं ताकारी स्टेशन जवळचं. दुपारी उन्हाच्या वेळेला हाताशी तास असेल तर देवराष्ट्र्यात यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर पाहून घ्या. तोवर मुलांचे पाय पुन्हा चालायला तयार झालेले असतात.