राणीच्या बागेत प्राणिपालांच्या मागोमाग

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालयात, म्हणजेच मुंबईकरांच्या राणीच्या बागेत, बहुतेक कुटुंबे पेंग्विन, वाघ आणि पाणघोडा अशी यादी मनाशी धरून येतात आणि ती संपली की परतीच्या वाटेला लागतात. या बागेला भेट देणाऱ्यांना माझी पहिली शिफारस अशी की, यादी बाजूला ठेवावी आणि सकाळी एखादा प्राणिपाल बादली घेऊन कुठे निघाला आहे ते पाहावे. ज्या प्राण्याला लोक ‘झोपलेलाच आहे’ म्हणून ओलांडून जातात, त्याच्या कानांत, नाकपुड्यांत आणि चालीत आपल्या ओळखीचा माणूस येताच जो बदल होतो, तो पाहिल्याशिवाय त्या प्राण्याची ओळख अपुरी राहते.

पाणघोड्यांच्या तळ्याशी हे सर्वांत चांगले कळते. पाण्याबाहेर फक्त डोळे, कान आणि नाकपुड्या दिसत असताना मागच्या दाराची कडी वाजली आणि ते कान तत्काळ त्या दिशेला वळले. प्राणिपालाने गवताचे भारे टाकण्याआधी हाक मारली, पाणघोड्याने जबडा पूर्ण उघडला आणि त्या काही क्षणांत प्राणिपालाने आतले सुळे आणि हिरड्या नीट न्याहाळून घेतल्या. पाणघोड्याचे सुळे आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे एखादा वाकडा वाढला किंवा तुटला तर खाणे अवघड होते. प्रेक्षकांना गंमत वाटणारा तो ‘आ’ प्राणिपालासाठी रोजची तपासणी असतो. शेजारच्या एका मुलीने पाणघोड्याच्या पाठीवरील लालसर ओल पाहून त्याला रक्त येत आहे का, असे विचारले. प्राणिपालाने हातातले काम थांबवून तिला सांगितले की ते रक्तही नव्हे आणि घामही नव्हे, त्वचेतून पाझरणारा तो द्रव उन्हापासून तिचे रक्षण करतो. एवढ्या मोठ्या जनावराची कातडी उन्हाला इतकी नाजूक असते, हे त्या मुलीला खरे वाटेना, आणि तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला. मला या बागेतला सर्वांत मोलाचा प्रसंग हाच वाटला.

पेंग्विन कक्षाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण त्याच्याविषयी मुंबईत मते तीव्र आहेत. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन येथे आणले गेले. त्यांपैकी एक ऑक्टोबर २०१६ मध्ये दगावला आणि मोठा वाद झाला. मार्च २०१७ मध्ये कक्ष लोकांसाठी खुला झाला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरच जगले; पुढे मात्र येथे पिल्ले जगली आणि वाढली. हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नसून पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत, त्यामुळे कक्षात बर्फ दिसत नाही म्हणून निराश होणाऱ्यांनी हे आधी जाणून घ्यावे. तरीही त्यांच्यासाठी हवा आणि पाणी सुमारे १६ ते १८ अंशांवर राखावे लागते, म्हणजे त्यांचे जगणे चोवीस तास यंत्रांवर अवलंबून आहे. ही गोष्ट मला अस्वस्थ करते आणि आतले काम पाहूनही ती अस्वस्थता पूर्ण गेली नाही.

मात्र ते काम पाहण्याजोगे आहे. गमबूट घातलेला प्राणिपाल आत येताच पक्षी खडकांवरून डुलत त्याच्याभोवती जमतात. तो प्रत्येकाला हाताने मासा देतो आणि मासा नेहमी डोक्याच्या बाजूने पुढे करतो, कारण उलटा गिळल्यास पर आणि काटे घशात रुततात. गोठवून साठवलेल्या माशांतील काही जीवनसत्त्वे कमी होतात, म्हणून पाळीव पेंग्विनांना पूरक गोळ्या द्याव्या लागतात. त्या माशाच्या कल्ल्यात दडवून देण्याची रीत आहे. पंखाच्या मुळाशी असलेल्या रंगीत पट्ट्यांवरून पक्षी ओळखता येतात. पण सराईत माणसाला पट्टीकडे पाहावेच लागत नाही. कोण धिटाईने पुढे येतो, कोण जोडीदाराला सोडून हलत नाही, हे त्याला चालीवरूनच समजते. ज्याने आज नेहमीपेक्षा कमी खाल्ले त्याच्याकडे त्याची नजर पुन्हा वळते. पेंग्विन आजार लपवतात आणि भूक मंदावणे हीच अनेकदा पहिली खूण असते.

हरणे आणि माकडे यांच्याजवळ मी फारसा रेंगाळलो नाही. पक्ष्यांच्या मोठ्या दालनात, जिथे जाळीच्या आतूनच चालत जाता येते, गर्दी वाढण्यापूर्वी जावे; नंतर पक्षी वरच्या फांद्यांवर जाऊन बसतात.

खटकणारी गोष्ट एकच आहे आणि तिचा दोष आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे जातो. काचेवर थापा मारणे, शिट्ट्या वाजवणे, वेफर्स आणि शेंगदाणे फेकणे हे अखंड चालू असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-ञ नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला छेडणे, खायला घालणे किंवा आवाजाने त्रास देणे हा गुन्हा आहे, हे किती पालकांना ठाऊक असेल? ‘काचेवर मारू नका’ हे वाक्य एक प्राणिपाल सौम्य स्वरात पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि त्याच्या बोलण्याकडे लक्ष देणारी बहुतेक मुलेच होती. माझ्या मते आपल्याकडील सर्वच प्राणिसंग्रहालयांत खाद्य देण्याच्या वेळी प्राणिपालाने पाच-दहा मिनिटे लोकांशी बोलावे, अशी ठरलेली वेळ असावी. जो रोज त्या प्राण्याची विष्ठा, भूक आणि झोप पाहतो, त्याच्या तोंडून ऐकलेली माहिती मुले फलकावरच्या वजन-उंचीपेक्षा कितीतरी अधिक लक्षात ठेवतील.

बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि तिची जुनी झाडे आजही उन्हात मोठा आधार देतात. गोरखचिंच, कैलासपती आणि उर्वशी यांच्यासाठी वेगळा वेळ काढावा. प्रवेशशुल्क २०१७ मध्ये ५ रुपयांवरून ५० रुपये झाले तेव्हा ओरड झाली होती, पण आई-वडील आणि दोन मुलांसाठी एकत्रित शंभर रुपयांची सोय तेव्हाच करण्यात आली. मुंबईसारख्या शहरात मला हा दर रास्त वाटतो. बाग बुधवारी बंद असते. प्रेक्षकांना सुट्टी असली तरी त्या दिवशीही पिंजरे धुतले जातात आणि खाद्य वाटले जाते. रविवार टाळून इतर दिवशी दारे उघडताच आत शिरावे आणि पाणघोड्यांपासून सुरुवात करावी.