थेंब मोजायची पाणी-तपासणी पेटी: गांजेच्या वर भरवशाची, खाली जपून

ही पेटी मुळात विहिरीच्या आणि नळाच्या पाण्यासाठी बनवलेली. गोव्यातल्या मांडवी नदीत मात्र भरती पार गांजे गावापर्यंत चढते आणि झुवारी नदीत सांगेपर्यंत. त्यामुळे नमुना कुठला, कुठल्या महिन्यातला आणि भरतीचा की ओहोटीचा, यावर पेटीचा निकाल खरा की खोटा हे ठरते. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

पैसे वसूल होतात ते डीओच्या चाचणीत, म्हणजे विरघळलेल्या प्राणवायूच्या मोजणीत. बाटली पाण्याखाली तिरपी धरून भरावी, आत बुडबुडा राहू देऊ नये. पहिली दोन रसायने घातल्यावर तपकिरी साका धरला तर प्राणवायू आहे. पांढराफटक राहिला तर जवळपास नाहीच. साका अर्ध्यावर बसला की पुन्हा हलवावे, पुन्हा बसू द्यावे, मगच आम्ल. त्यानंतर रंग जाईपर्यंत थायोसल्फेटचे थेंब मोजून घालावेत. रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च घालावा, कारण घाईने आधी घातला तर निळा रंग चिकटून बसतो आणि थेंब उगाच वाढतात.

अडचण अशी की एक थेंब म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम. आंघोळीच्या गोड्या पाण्याला निदान 5 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, खाडीत आंघोळीसाठी 4. एवढ्याशा फरकावर निर्णय असताना एका थेंबाची चूक परवडत नाही. नमुना दुप्पट घ्यावा, म्हणजे थेंब अर्ध्या मिलिग्रॅमचा होतो.

थायोसल्फेट उन्हाळ्यात, विशेषतः गाडीच्या डिकीत राहिले, की कमजोर पडते. मग थेंब जास्त लागतात आणि आजारी नदी निरोगी दिसते. म्हणून आधी पडताळा घ्यावा: अर्धी भरलेली गोड्या पाण्याची बाटली पाचेक मिनिटे जोरात हलवायची आणि तेच पाणी तपासायचे. 28 अंशांना 7.8 च्या आसपास यायला हवे. 10 आले तर रसायन बदला. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, साधारण 6.4. तिथला 6 हा आकडा वाईट समजू नये.

साळसारख्या, सांडपाणी पोटात घेणाऱ्या मंद नदीत दुपारचा एकच नमुना फसवतो. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री तोच खाते. खरी अवस्था पहाटे उजाडण्याआधी कळते. बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते हे पाहण्यासाठी, दुसरी बाटली अंधारात 27 अंशांना तीन दिवस ठेवून दोन्ही डीओंतला फरक काढतात. पेटीत बाटली एकच दिली आहे. ही कंजुषी खटकते.

क्लोराईडच्या, म्हणजे खारेपणाच्या चाचणीत एक थेंब लिटरला 10 मिलिग्रॅमचा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 19,000 मिलिग्रॅम क्लोराईड असते, म्हणजे मे महिन्यात पणजीच्या धक्क्यावर बाटली संपेल पण विटकरी रंग येणार नाही. 1 मिली नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने 100 मिलीपर्यंत न्यावा आणि उत्तराला शंभराने गुणावे. नळाचे पाणी वापरू नये, त्यात स्वतःचे क्लोराईड असते.

मैल्याचे जिवाणू असल्यास काळी पडणारी बाटली खाडीत वापरूच नका. खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर असते, आणि खारफुटीच्या चिखलातले जिवाणू त्याचे हायड्रोजन सल्फाइड करतात. मैला नसतानाही बाटली काळी होऊ शकते. गोड्या पाण्यातसुद्धा काळी बाटली म्हणजे फक्त संशय, कोलिफॉर्मचा, म्हणजे मैल्याची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंचा आकडा प्रयोगशाळेतूनच घ्यावा.

डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात पावसाळ्यात लोहाची चाचणी करताना पाण्याचा तांबूसपणाच रंगपट्टीशी जुळतो. नमुना गाळून घ्यावा आणि रसायन न घातलेली त्याच पाण्याची नळी शेजारी धरून रंग पाहावा. गाळलेल्या नमुन्यात फक्त विरघळलेले लोह कळते. गाळातले लोह या पेटीच्या आवाक्याबाहेरचे.

वापरलेल्या रसायनांसाठी पेटीत वेगळा कॅन नाही. क्लोराईडच्या चाचणीत क्रोमेट असते, ते नदीत किंवा खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत) ओतायचे नाही. झाकण घट्ट बसणारा एक लिटरचा कॅन सोबत न्यावा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत आधी विचारून तिथे द्यावा.