गटकर्जाचा अनुभव: म्हशीला पुरले, सोयाबीनला नाही

औसा तालुक्यातील आमच्या गावात मी एका सूक्ष्म वित्त (मायक्रोफायनान्स) कंपनीचे गटकर्ज दोन वर्षांपूर्वी घेतले आणि गेल्या महिन्यात त्याचा शेवटचा हप्ता भरला. गटकर्ज म्हणजे कर्ज प्रत्येकीचे वेगळे, पण एकीचा हप्ता चुकला तर तो गटातील बाकीच्यांनी भरायचा. असे कर्ज घेण्याच्या विचारात असलेल्या बायकांसाठी हे लिहीत आहे.

कर्ज मिळणे सोपे आहे, हे मान्य करते. सातबारा किंवा जामीनदार न मागता आठ दिवसांत पैसे खात्यावर आले. मंजुरी ४०,००० ची होती, पण प्रक्रिया शुल्क आणि विमा कापून हाती ३८,८०० रुपये पडले. व्याज साडेतेरा टक्के आणि महिन्याला २,११५ रुपयांचे २४ हप्ते, असे बैठकीत सांगितले होते. पुढे मुलीने वहीत हिशेब मांडला, तेव्हा कळले की हे व्याज दोन्ही वर्षे पूर्ण ४०,००० वर धरलेले आहे; फिटत जाणाऱ्या मुद्दलावर पाहिले तर तोच दर २४ टक्के होतो. शुल्कासह खरा वार्षिक दर कागदावर लिहून देणे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी तो कागद मागून घ्या.

मी त्या पैशात साठवलेले पैसे घालून म्हैस घेतली. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होत असल्याने हप्ता निघत गेला. म्हैस आटली तेव्हाचे चार महिने मात्र फार कठीण गेले. गटातील माझ्या जाऊबाईंनी हेच पैसे जूनमध्ये सोयाबीनच्या बियाण्या-खतात घातले. पीक निघते ऑक्टोबरात आणि हप्ता सुरू होतो जुलैत, त्यामुळे पहिले दोन हप्ते त्यांनी सावकाराकडून उचलून भरले. सप्टेंबरमध्ये तेही जमले नाही, तेव्हा वसुलीला आलेल्या माणसाने आम्हा दहा जणींना मारुतीच्या पारावर नऊपासून बारापर्यंत बसवून ठेवले. सगळ्यांची रोजंदारी बुडाली, आणि शेवटी उरलेल्या नऊ जणींनी प्रत्येकी २३५ रुपये काढून तो हप्ता भरला. जाऊबाई त्या दिवसानंतर कितीतरी दिवस आमच्याशी नजर मिळवत नव्हत्या. दोष त्यांचा नव्हता. ज्या घरात पैसा वर्षातून एकदोनदाच येतो, त्या घराला दरमहा हप्त्याचे कर्ज देणे हीच मुळात चूक आहे.

याउलट ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या बचत गटात सुरुवातीला वेळ जातो. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज (गटाच्या बचतीतून आपसांत दिलेले), परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री काही महिने पाळल्यावरच बँक दारात उभी करते. पण नंतर गटाला ३ लाखांपर्यंतचे कर्ज ७ टक्क्यांनी मिळते, आणि आपल्या बचतीतून दिलेल्या कर्जाची परतफेड कधी करायची हे बायकाच ठरवतात. जाऊबाईंनी यंदाचे बियाणे या गटाच्या पैशातून घेतले आहे आणि ते पैसे सोयाबीन विकल्यावर एकरकमी भरायचे, असे ठरावाच्या वहीत लिहिले आहे.