जुन्या डिझेल एसयूव्हीच्या डॅशबोर्डवरचे दिवे, स्कॅनर आणि मल्टिमीटर : वर्षभराच्या वापरानंतर

गाडी २०१३ साली घेतलेली आहे. सात आसनी, डिझेल, आणि तिचे बहुतेक आयुष्य माहीममधील आमच्या सोसायटीच्या उघड्या आवारात, पर्जन्यवृक्षाखाली गेले आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्याबद्दल आजही तक्रार नाही. तक्रार आहे ती डॅशबोर्डवर वेळी-अवेळी उजळणाऱ्या पिवळ्या आणि लाल दिव्यांची. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी गाडीतले बिघाडाचे कोड वाचण्यासाठी डॅशबोर्डखाली असलेल्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा एक ब्लूटूथ स्कॅनर मागवला आणि लॅमिंग्टन रोडवरून साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. त्या दोन वस्तूंचा वर्षभर वापर केल्यावर या गाडीच्या विजेच्या दुखण्यांबद्दल जे कळले, ते येथे लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो : दोहोंपैकी एकच वस्तू घ्यायची असेल तर मल्टिमीटर घ्यावा. तक्रार कोणत्या मॉड्यूलने (गाडीतल्या छोट्या नियंत्रक संगणकाने) नोंदवली एवढेच स्कॅनर सांगतो. त्या मॉड्यूलपर्यंत पुरेसे व्होल्टेज आणि धड अर्थिंग (करंटची परतीची वाट) पोहोचते आहे का, हे मीटर लावल्याशिवाय कळत नाही, आणि माझ्या गाडीत बहुतेक वेळा दोष तिथेच सापडला.

स्कॅनरबद्दल थोडक्यात. बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुधा ईएलएम३२७ या चिपच्या नकला असतात आणि त्यांच्या वेष्टनावर लिहिलेल्या आवृत्तीच्या आकड्यावर फारसा विश्वास ठेवू नये, कारण मोठा आकडा छापलेल्या काही नकलांना मूळ चिपच्या सगळ्या आज्ञा समजत नाहीत. अँड्रॉइड फोनशी माझा स्कॅनर विनातक्रार जोडला जातो. आयफोनसाठी वायफायचा किंवा कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचा स्कॅनर लागतो, साध्या ब्लूटूथचा चालत नाही. सर्वसाधारण ॲप इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड नीट वाचते. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग आणि बॉडी मॉड्यूल (वायपर, लॉक, काचा सांभाळणारे) यांचे कोड वाचायला त्या कंपनीच्या गाड्यांसाठी वेगळे ॲप किंवा गॅरेजमधला मोठा स्कॅनर लागतो. माझ्या ॲपचे पैसे भरून घेतलेले वाढीव पॅकेज एबीएसपर्यंत पोहोचते, एअरबॅगपर्यंत नाही. शिवाय ओबीडी सॉकेटच्या सोळाव्या पिनेला बॅटरीचा प्लस कायम जोडलेला असतो, त्यामुळे किल्ली काढली तरी स्कॅनर थोडा करंट खातच राहतो. काम झाले की तो उपसून ठेवावा.

आता मुख्य प्रकरण. जुलैतल्या एका ओल्या सकाळी सेल्फ (स्टार्टर) मारताच एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल (चाके घसरू न देणारा), हिल असिस्ट (चढावर गाडी मागे सरकू न देणारा) आणि चेक इंजिन असे सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी सुरू होऊनही विझले नाहीत. एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून एबीएस मॉड्यूल बदलण्याचा अंदाज हातात देण्यात आला, आणि त्या रकमेत दुचाकी आली असती. घरी येऊन मी स्वतः कोड वाचले तेव्हा यू०१२१, म्हणजे एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला, असा एक कोड दिसला, आणि त्याच्या शेजारी पी०५६२ हाही होता, ज्याचा अर्थ गाडीच्या यंत्रणेचे व्होल्टेज कमी पडले एवढाच आहे. वर्कशॉपच्या कागदावर पहिला कोड होता, दुसरा नव्हता. वास्तविक हा दुसरा कोड दिसला की बाकी सगळे बाजूला ठेवून आधी तोच मार्गी लावायला हवा, कारण सेल्फ फिरताना व्होल्टेज खाली गेले तर एखादे मॉड्यूल क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होते आणि तेवढ्या वेळात उरलेली मॉड्यूल्स ‘हा बोलत नाही’ अशी नोंद करून मोकळी होतात. शिवाय एबीएस, ट्रॅक्शन आणि हिल असिस्ट हे तिन्ही चाकांच्या वेगाची तीच माहिती वापरतात, त्यामुळे तीन दिवे म्हणजे तीन बिघाड असे समजण्याचे कारण नसते.

मीटर लावल्यावर चित्र स्पष्ट झाले. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.२ व्होल्ट होते. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते आणि १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी. पण खरा दोष पुढच्या चाचणीत सापडला. मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनस खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून घरच्यांपैकी कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. हा आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असायला हवा. आमच्याकडे तो ०.८ पर्यंत चढत होता. इंजिन आणि चासी यांना जोडणारी जी विणलेली अर्थिंगची पट्टी असते, तिचे चासीकडचे टोक वरून ठीक दिसत होते आणि नटाखाली मात्र पांढऱ्या-हिरव्या क्षाराने भरले होते. सेल्फ फिरताना दोनशे अँपिअरच्या घरात करंट वाहतो, त्यामुळे ओहमच्या हजार भागांपैकी चार भाग एवढा अडथळाही ०.८ व्होल्ट खाऊन टाकतो. इतका बारीक अडथळा मीटरच्या ओहमच्या सेटिंगवर दिसतच नाही. म्हणूनच ‘कंटिन्युइटी आहे (म्हणजे तार सलग आहे), अर्थिंग बरोबर आहे’ असे म्हणणाऱ्या कारागिराला करंट वाहत असतानाचे व्होल्टेज मोजून दाखवायला सांगावे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या असणाऱ्या गाडीत असे सांधे खराब होणे मुळीच नवलाचे नाही. आमच्या गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पट्टी बदलली, चासीवरची जागा पत्रा चकाकेपर्यंत घासली, नट आवळून वरून ग्रीस लावले आणि कोड उडवले. एबीएसचे जुने मॉड्यूल आजही गाडीत आहे आणि तो दिव्यांचा घोळका पुन्हा दिसलेला नाही.

कोड उडवण्यापूर्वी त्यांचा फोटो काढून ठेवावा, आणि ॲप दाखवत असेल तर ‘फ्रीझ फ्रेम’ही, कारण कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनचे फेरे, तापमान आणि वेग किती होता हे त्यात असते आणि कोडसोबत तेही पुसले जाते. पुष्कळ गॅरेजांत पहिले काम कोड उडवण्याचेच होते. गिऱ्हाईकाला दिवा विझलेला दिसतो, आणि पुढच्या कारागिराला काहीच दिसत नाही.

दुसरे प्रकरण पाण्याचे होते आणि त्यात स्कॅनरचा काडीचाही उपयोग झाला नाही. ऑगस्टमध्ये वायपर आपोआप एक फेरी मारून थांबू लागले, सेंट्रल लॉक उभ्या गाडीत खटखट करू लागले आणि डाव्या बाजूची काच कधी उतरे, कधी नाही. ॲपच्या मते गाडी निर्दोष होती, कारण बॉडी मॉड्यूलचे कोड त्याच्या आवाक्यातच नव्हते. डाव्या सीटच्या पायाखालचा गालिचा दाबल्यावर पाणी वर आले तेव्हा उलगडा झाला. पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी, जी प्लास्टिकची जाळी असते तिच्या खालून पाणी वाहून जाण्यासाठी दोन्ही बाजूंना छिद्रे असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पानांनी आणि फुलांच्या कुजलेल्या लगद्याने बुजतात, मग पाणी तुंबून ब्लोअरच्या वाटेने आत उतरते. ते आमच्या गाडीत नेमके डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सच्या तारांच्या जोडावर, म्हणजे कपलरवर, ठिबकत होते आणि दोन पिना हिरव्या पडल्या होत्या. छिद्रे मोकळी केली, कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवले, एक पिन बदलली, गालिचा काढून गच्चीवर सुकवला. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या तुंबणाऱ्या ठिकाणच्या पाण्यात गाडी घातली तरच विजेचे भाग भिजतात, असा जो समज आपल्या शहरात आहे, तो अपुरा आहे. जागेवर उभ्या गाडीचेही भिजतात. मे महिन्याच्या अखेरीस ही जाळी उचलून साफ करण्याचे काम फुकटचे आहे. कोणत्याही सर्व्हिसच्या यादीत मला ते दिसलेले नाही.

तिसरे दुखणे बॅटरी उतरण्याचे. आम्ही कोकण रेल्वेने गावी गेलो की आठवडाभर उभी राहिलेली गाडी परतल्यावर सुरू होत नसे, आणि दर वेळी ‘बॅटरी गेली’ हेच निदान ऐकायला मिळे. गाडी बंद करून, सर्व मॉड्यूल्स झोपी जाण्यासाठी अर्धा-पाऊण तास थांबून, मायनस केबल आणि खुंट यांच्या मध्ये मीटर जोडून करंट मोजला तर तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. आमचा अर्ध्या अँपिअरच्या आसपास होता, म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. या हिशेबाने ७० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्मी होते. मग फ्यूज न उपसता प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजत गेलो. ज्या फ्यूजमधून करंट वाहत असतो तिथेच आकडा उमटतो, आणि फ्यूज काढल्या-घातल्याने झोपलेली मॉड्यूल्स जागी होण्याचा त्रास वाचतो. चोर निघाला बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिमचा अँप्लिफायर. त्याला चालू करणारी तार किल्लीवरच्या सप्लायऐवजी कायमच्या प्लसला जोडलेली होती. जुन्या गाडीतल्या विजेच्या तक्रारींची चौकशी मूळ वायरिंगपासून न करता बाहेरून बसवलेल्या वस्तूंपासून सुरू करावी, या मतावर मी आता आलो आहे : रिव्हर्स कॅमेरा, जादा हॉर्न, फॉग लॅम्प, जीपीएसचा ट्रॅकर, आणि तारा न सोलता चिमट्याने अडकवलेले सगळे जोड.

उंदरांबद्दल लिहिले नाही तर मुंबईतला अनुभव पुरा होणार नाही. हीटरचा, म्हणजे डिझेल गाडीतला गुंडाळीच्या आकाराचा पिवळा दिवा नेहमीपेक्षा जास्त वेळ राहू लागला तेव्हा प्रथम मी दुर्लक्षच केले, कारण मुंबईच्या हवेत हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होण्याआधी ते आतून तापवणारे) मेले तरी इंजिन सुरू होण्यात सहसा अडचण येत नाही. परंतु काही गाड्यांत हाच दिवा लुकलुकू लागला तर तो इंजिनच्या अन्य बिघाडाचीही खूण असतो, म्हणून मॅन्युअल पाहून ठेवलेले बरे. येथे हीटरच्या वायरिंगचा एक पदर कुरतडलेला निघाला. तार जोडून, झाळून, वर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवली की काम होते; नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडा पडतो. डांबराच्या गोळ्या, तंबाखूच्या पुड्या, फवारे असे सोसायटीत प्रचलित असलेले सगळे उपाय पाहिले आणि एकाचाही ठाम गुण दिसला नाही. गाडी रोज हलवणे आणि रात्री आवारातला कचऱ्याचा डबा झाकणे यांचा दिसला.

लाल दिव्यांविषयी मात्र असा निवांतपणा नको. बॅटरीचा लाल दिवा बॅटरीपेक्षा चार्जिंगबद्दल बोलत असतो. सायन सर्कलच्या सिग्नलला एसी, वायपर आणि हेडलाइट चालू असताना आमच्या गाडीत व्होल्टेज १२.४ पर्यंत उतरे आणि ॲक्सिलरेटर दिला की १४.१ होई, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या रेग्युलेटरचे (व्होल्टेज आवाक्यात ठेवणाऱ्या भागाचे) ब्रश झिजले होते आणि एका संध्याकाळी दिवा लागूनच राहिला. ब्रशसकट रेग्युलेटर बदलला, अख्खा अल्टरनेटर बदलावा लागला नाही. हा दिवा लागला आणि सोबत तापमानाचा काटाही चढू लागला, तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करावी, कारण ज्या इंजिनांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात, तिथे पट्टा तुटल्याची ती लक्षणे आहेत.

उरलेला दिवा एअरबॅगचा आहे. “तो पिवळा अजून आहेच का रे?” असे आई मागच्या सीटवरून दर प्रवासात विचारते, आणि तिचे विचारणे रास्त आहे, कारण हा दिवा लागलेला असताना बहुतेक गाड्यांत अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडेलच अशी खात्री देता येत नाही. आमच्या गाडीत हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणेही वळणावर अधूनमधून बंद पडतात. दिवा आणि ही लक्षणे एकत्र आली की संशय स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेल्या केबलवर, म्हणजे क्लॉक स्प्रिंगवर जातो, आणि मोठ्या स्कॅनरनेही ड्रायव्हरच्या एअरबॅगच्या सर्किटचा कोड दाखवला. या सर्किटच्या पिवळ्या कपलरना मल्टिमीटर मी लावलेला नाही आणि कोणी लावू नये, कारण मीटरच्या स्वतःच्या करंटने एअरबॅग उडण्याचा धोका असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हाच भाग जुन्या गाडीतून काढलेला निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. इतर पुष्कळ भाग मी तिथूनच घेतले आहेत, हा घेतला नाही. नव्या भागाची मागणी नोंदवली आहे. तो बसवण्याचे काम बॅटरी सोडून, सांगितलेला वेळ थांबून, एअरबॅगचे काम नेहमी करणाऱ्या कारागिराकडेच होईल. २०२८ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतील तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावी लागेल, आणि तोपर्यंत ती ठेवायची असे आम्ही घरात ठरवले आहे.