आमच्याच मॉरिस गाडीचे पार्ट काढून विकले आणि बिल मलाच लावलं

बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, नाहीतर पलीकडं कागल-गडहिंग्लज साइडला कुणाच्या घरात जुनी गाडी पडून असेल आणि "कंपनीतून आली तशी ओरिजिनल करून देतो" म्हणणारा कोण भेटला असेल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचा. गॅरेजचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे, वकिलांनी नको सांगितलंय. पण त्याची पद्धत सगळी सांगतो, कारण नंतर चौकशी केल्यावर कळलं की अजून दोघा-तिघांना अगदी याच पद्धतीनं गंडवलंय.

गाडी आमच्या मामांची. मामा निपाणीचे, तंबाखूचा व्यापार, आणि गाडी बरीच वर्षं वखारीतच उभी. मॉरिस मायनर १०००, १९६० ची, टप उघडणारी. कॅम्पातल्या एका मिलिटरी साहेबाकडून मामांनी घेतलेली. मायनर आपल्याकडं जुन्या लोकांनी बघितलेली असणार, हिंदुस्थान मोटर्सनं तीच बेबी हिंदुस्थान म्हणून काढलेली, पण टप उघडणारी म्हणजे टूरर क्वचितच बघायला मिळते. ९४८ सीसीचं इंजिन, समोर सलग एक काच (१९५६ च्या आधीच्या मायनरला मधे दांडी असलेली दोन तुकड्यांची यायची), डॅशच्या मधोमध मैलाचा स्पीडोमीटर, आणि दाराच्या मागून बाहेर येणारे ते सिग्नलचे हात, ट्रॅफिकेटर. वखार कोरडी असल्यामुळं गंज खालून होता, वरून गाडी बरी होती. उंदरांनी सीट खाल्लेलं, टपाचं कापड फाटलेलं, पण लोखंड सगळं जागच्या जागी. हे महत्त्वाचं आहे, पुढं कळेल.

मामांचं सहस्रचंद्रदर्शन यायचं होतं, तेव्हा त्यांना त्याच गाडीत बसवून आणायचं असं आम्हा भाच्यांचं ठरलं. माझं बेळगावात उद्यमबागला लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे, इंजिनचं काम जमलं असतं, पण पत्रा आणि रंग हा वेगळाच धंदा. कुणीतरी या माणसाचं नाव सुचवलं. हायवेला लागून गॅरेज, दारात दोन चकाचक फियाट उभ्या, भिंतीवर रॅलीचे फोटो. बोलायला गोड, मराठी-कन्नड दोन्ही. "सावकार, नट सुद्धा कंपनीचाच बसवणार बघा, बाकीचे लोक लांबी (पुट्टी) थापून रंग मारत्यात, आपण पत्र्याला पत्रा लावतो." एस्टिमेट पण बाकीच्यांपेक्षा कमीच. रजिस्ट्रेशनचं पण त्यानंच काढलं, २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल चालत नाही, म्हणून ओरिजिनल पार्टच घालायचे. हे सगळं खरं आहे बरं का. खऱ्या नियमाच्याच आधारानं त्यानं महागड्या पार्टची यादी तयार केली.

पहिल्या आठवड्यातच गाडी पूर्ण खोलली. बॉनेट, दारं, सीट, वायरिंग, टपाचा सांगाडा, सगळं. खोललेली गाडी दुसरीकडं नेता येत नाही, मालक अडकला. मग व्हॉट्सॲपवर फोटो यायला सुरुवात. हा बघा डायनॅमो जळालाय, हा कार्बोरेटर क्रॅक आहे, हा टपाचा सांगाडा गंजून तुटलाय, ट्रॅफिकेटर तर कामातून गेलेत. फोटो सगळे जवळून काढलेले, मागं फक्त सिमेंटची फरशी. गंजलेल्या पट्ट्या कुणाच्याही असू शकतात. ते फोटो आमच्या गाडीचे नव्हतेच, त्याच्या भंगारातले होते, हे आता सिद्ध करता येतंय कारण वखारीतून गाडी काढताना माझ्या पोरानं हौसेनं व्हिडिओ केलेला आणि त्यात टपाचा सांगाडा नीट दिसतोय.

प्रत्येक "गेलेल्या" पार्टला इंग्लंडहून नवा मागवायचा ॲडव्हान्स. जुना परत मागितला की "एक्स्चेंजला पाठवलाय, जुना दिल्याशिवाय नवा देत नाहीत." ऐकायला पटतं, कारण परदेशात काही पार्टना खरंच तशी पद्धत आहे, जुना दिला की डिपॉझिट परत. बिलं पीडीएफवर. पाउंडात आकडे, वर इंग्लंडचा पत्ता. परदेशातून कुरिअरनं पार्ट आला तर कस्टमचा कागद असतो, बिल ऑफ एंट्री म्हणतात, ड्युटी आणि आयजीएसटी किती भरला ते त्यात असतं, सोबत एअरवे बिलाचा, म्हणजे विमानानं आलेल्या पार्सलच्या पावतीचा नंबर. यातलं एक पण त्याच्याकडं नव्हतं. गॅरेजचं बिल मागितलं तर त्यावरचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, आणि गॅरेज कर्नाटकात, जिथं २९ पाहिजे. "भाऊचं फर्म आहे कोल्हापूरला" म्हणाला. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की तो चालू आहे का रद्द झालाय ते कुणालाही फुकट दिसतं. हा रद्द होता.

असं करत साडेचार लाखाच्या वर गेलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी दिली, मुद्दाम तेव्हाच, कारण सगळे पाहुणे घरात, मांडव पडलेला, त्या वेळी कोण गाडीखाली झोपून बघतंय? दिसायला गाडी म्हणजे नवरदेव. राखाडी रंग काचेसारखा, बंपर झळाळतेत. मामा भोवतीनं एकदा फिरले, टपाच्या सांगाड्याला हात घातला, दुमडायला बघितलं आणि म्हणाले, "ह्ये आमचं न्हवं रे. आमचं एका हातानं पडायचं." आम्ही म्हटलं मामा नवीन आहे, इंग्लंडचं आहे, बसेल हळूहळू. मामा काय बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी टप न उघडताच गाडीत बसले.

त्यानंतर गाडी बेळगावला आणली. येताना स्पीडब्रेकरवर डावं दार आपोआप उघडलं आणि उजवं उघडेना. एक पावसाची सर आली तर काचेच्या वरच्या कडेनं पाणी सरळ मांडीवर. शेडमध्ये आणून डायनॅमोच्या बोल्टला अर्ध्या इंचाचा पाना लावला तर बसेना, आणि १३ चा पाना फिट्ट बसला. तिथंच डोकं ठणकलं. या इंजिनला बहुतेक यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापाचे बोल्ट, ५/१६ च्या बोल्टचं डोकं अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना थोडा ढिला बसतो, आणि १३ च्या डोक्यावर अर्ध्याचा पाना चढतच नाही. १३ मिमी डोकं म्हणजे एम-८, मिलिमीटरच्या मापाचा, आपल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा. आटे मोजायचा थ्रेड गेज लावला, मेट्रिकच. मग रात्रभर एकेक पार्ट बघत बसलो. लुकास कंपनीच्या डायनॅमोवर मॉडेल आणि महिना-वर्ष ठोकलेलं असतं, यावर काहीच नाही, घासून काळा रंग मारलेला. कार्बोरेटर एसयू कंपनीचा पाहिजे, इथं मारुती ८०० चा, "ट्रायलपुरता घातलाय, तुमचा ओव्हरहॉल होतोय" असं आधी सांगितलेला, तो तसाच. टपाचा सांगाडा आमच्या इकडं ग्रिलला वापरतात त्या पाइपचा वाकवलेला.

रंगाचं तर विचारू नका. मित्राकडून रंगाची जाडी मोजायचा मायक्रॉन मीटर आणला. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, परत मारलेला असला तर दोन-तीनशे धरा. आमच्या मागच्या मडगार्डवर हजाराच्या वर. मीटर नसेल तर साधं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा, लांबी जाड असली की पकडत नाही. बंपरला आधी तांबं, मग निकल, त्यावर क्रोम अशी प्लेटिंग लागते, यानं नुसता निकलचा हात दिला असावा, एका पावसाळ्यात बारीक तांबडे ठिपके आले.

पण पैशापेक्षा जीवाशी खेळ कुठं केला ते सांगतो. मायनरला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी, आणि टूररला वर छत नाही, त्यामुळं सगळा जोर फरशीवर आणि दाराखालच्या पेटीवर, जिला सिल म्हणतात. म्हणून कंपनीनं टूररच्या खांबांना आणि सिलला जादा पत्रे लावलेले असतात. सिल कापायच्या आधी दाराच्या पोकळीत आडवे पाइप वेल्ड करून बॉडी जखडायची, मगच कटर लावायचा, हे कुठल्याही जुन्या टिंकरला माहीत आहे. यानं दोन्ही सिल तशाच कापल्या, गाडी मधे बसली, वरून पत्रा आणि लांबी. दारं नीट लागत नव्हती ती त्याच्यामुळं. पुढच्या चाकाचे खालचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे, तर हातानं हलत होते, ग्रीसचा थेंब नाही. मायनरचा हा जुना रोग आहे, ट्रनियन निसटलं की चाक आत दुमडतं. त्याच गाडीत आम्ही मामांना बसवून आणलं.

आता ओरिजिनल पार्ट गेले कुठं? गोव्यातल्या मावसभावानं एका विक्रीच्या जाहिरातीचे फोटो पाठवले. टप उघडणारी मायनर, लाल रंग, किंमत ऐकून गप्प बसावं अशी. डॅशवरच्या स्पीडोमीटरवरचे मैल आमच्या वखारीतल्या व्हिडिओत दिसतात तेच, काचेची कोपऱ्यातली चीर पण तीच. टपाचा सांगाडा पण आमचा. मी बघायला गेलो, गिऱ्हाईक म्हणून. बॉनेटखालच्या पट्टीवर गाडी नंबर एमए२एस नं सुरू होणारा, म्हणजे दोन दाराची सलून, पक्क्या टपाची. टूररचा नंबर एमएटी नं सुरू होतो. सलूनचा टप कापून टूरर केलेली, आणि खरी वाटावी म्हणून खरा सांगाडा पाहिजे होता, तो आमच्याकडून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बॉडी अशी बदलताच येत नाही, पण घेणाऱ्याला कोण सांगणार. म्हणजे एका गाडीत दोघांना फसवलं, मला आणि ती लाल गाडी जो घेईल त्याला.

तक्रारीचं म्हणाल तर आधी हद्दीवरून चेंडू इकडून तिकडं. गॅरेज इकडं, बिल पलीकडचं, लाल गाडी तिसरीकडं. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे वकिलांनी लेखी दिल्यावर काम हललं. फसवणुकीबरोबर विश्वासघाताचं कलम पण लावायला सांगा, भारतीय न्याय संहितेत ३१८ आणि ३१६, कारण विश्वासानं ताब्यात दिलेली वस्तू त्यानं विकलीय. ग्राहक आयोगात वेगळी तक्रार केली, २०१९ च्या कायद्यानं ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्याच्या गावाला खेटे घालायला लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची, तेवढं बघा.

ज्यांची गाडी अजून घरातच आहे त्यांनी गॅरेजला द्यायच्या आधी प्रत्येक पार्टवरचा नंबर, तारीख, ओरखडा दिसेल असा व्हिडिओ करा आणि मालकाची सही असलेली यादी घ्या. खराब निघालेला पार्ट आपल्या हातात परत, मगच नव्याचे पैसे, आणि बाहेरून मागवायचा असेल तर आपल्याच नावावर, आपल्याच पत्त्यावर. कुणी टूरर विकत घेत असेल तर इंग्लंडला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडं कारखान्यातली जुनी रजिस्टरं आहेत, त्यावरून ते फी घेऊन सर्टिफिकेट देतात, ते मागवा. पत्र्याचं काम चालू असताना प्रायमर मारायच्या आधी स्वतः जाऊन खाली झोपून बघा, फोटोवर जाऊ नका.

लाल गाडी आता त्या जाहिरातीतून गायब झालीय, त्यामुळं शेवटी एवढंच मागणं आहे. मायनरचा टपाचा सांगाडा कुणी विकायला दाखवला, किंवा सांगाडा बसवलेली गाडीच दाखवली, तर डाव्या बाजूची दुसरी पट्टी बघा, बिजागरीपासून चार बोटांवर पितळेनं जोडलेली जागा आहे, मामांनी निपाणीतच करून घेतलेली, रंगाखाली पण फुगीर लागते. दिसली तर गाडीचा नंबर टिपून घ्या आणि मला कळवा.